हेमलाच्या उंबऱ्यावर

आमच्या जमातीला गुन्हेगार ठरवणारा हजेरीचा कायदा उठून वर्ष होत आलं होतं. बाबूसिंग नायकानं, आमच्या बंजारा तांड्याच्या प्रमुखानं, वाशीमहून येऊन सांगितलं होतं, की आता पोलिसापुढे रांगेत उभं राहायचं नाही, आणि वारंट असल्याशिवाय कोणी आपल्या घरात शिरणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. डोक्यानं ऐकलं खरं, पायांनी मात्र काही ऐकलं नव्हतं.

माझं लग्न तोंडावर आलेलं. माझा बा, हेमला, दुपारी भाकर खात बसला होता आणि लिंबाखाली जमादाराची शिट्टी वाजली. बानं हातातला घास टाकला आणि धावला. तांड्यातले सगळेच बाप्ये धावले, नायकसुद्धा, आणि जुन्या सवयीनं ओळीत जाऊन उभे राहिले. मला इतका संताप आला, की त्याचं ताट उचलून बाहेर भिरकावावंसं वाटलं.

मानोऱ्यात एका दुकानातली चांदी चोरीला गेली होती म्हणे. आणि आमच्या घरात गोधडीत गुंडाळून ठेवली होती माझी घुगरी-टोपली, म्हणजे नवरीच्या केसांत गुंफायची चांदी. तिच्याशिवाय आमच्यात नवरी सासरी निघत नाही. रामीबाई आत्याची चांदी अशाच एका झडतीत ठाण्यात गेली ती गेलीच, आणि तिचं ठरलेलं लग्न मोडलं.

लग्नघरात चांदी असणार हे ओळखून जमादार सरळ आमच्याच दाराशी आला. याडी, माझी आई, चौकट धरून उभी राहिली.

"सरक बाजूले. घर पाह्यचं हाय."

याडी सरकली नाही. तिनं रांगेकडे बघून हाक मारली, "अवो, तुमी तिथं काय करून राह्यले?"

बानं नायकाकडे पाहिलं. "नायक, हजेरी त उठली ना? मंग आपन इथं कायले उबे हावो?"

नायक ओशाळला. "सवय, बापा," एवढंच म्हणाला.

बा रांगेतून निघाला. या वेळी धावला नाही, चालत आला आणि आमच्या उंबऱ्यावर बसला. मग एकेक जण आपापल्या उंबऱ्यावर जाऊन बसला.

"वारंट हाय का, साहेब?" बाचा आवाज चिरकला, पण विचारलं त्यानं.

जमादार नायकावर खेकसला, "समजाव याले."

"बराबर इचारून राह्यला तो," नायक म्हणाला. "कागद आना, पंच बसवा, मंग खुशाल पाहा."

"कागद घेऊनच येतो," असं गुरगुरत जमादारानं सायकल काढली. तो पुन्हा आला नाही. चोर मानोऱ्यातच सापडला, दुकानदाराचा सख्खा मेव्हणा.

पण ते नंतर कळलं. सायकल दिसेनाशी झाली तशी याडीनं आत जाऊन गोधडी चाचपली. मला रडावं की नाचावं कळेना, म्हणून घागर घेऊन विहिरीवर गेले. परत आले तरी बा उंबऱ्यावरच.

"बा, सरक ना. आत जाऊ दे मले."

"तुयाजोळ वारंट हाय का?"

याडी आतून खो खो हसत सुटली. मलाही हसू आवरेना, घागर हिंदकळली आणि बा चिंब भिजला. तो हसत होता आणि डोळे पुसत होता, ते पाणी घागरीतलं नव्हतं.

"बस जराशी," तो म्हणाला. "आपलंच घर हाय वं पोरी. मले आजच कळलं."