गुडघ्याची पुडी

मेंढरं कोंडून म्हाळू घरात आला, तशी ताराबाईनं नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. तंबाखू निघाली. गुळाचा कणही नव्हता, तरी तिनं बोटं हुंगून पाहिली.

पाटोद्याच्या दवाखान्यात त्याची उपाशीपोटीची साखर तीनशेच्या पुढं निघाली होती. गोळ्या सुरू असूनही ती वाढतच होती. घरातला गूळ ताराबाईनं केव्हाच भावजयीकडं नेऊन ठेवला होता. म्हणजे हा बाहेर खातो. फाट्यावरच्या हॉटेलवाल्या सटवाला तिनं गाठून विचारलं. म्हाळू बिनसाखरेचाच चहा पितो, असं तो म्हणाला. दोघांनी आधीच ठरवून ठेवलंय, असं तिला वाटलं.

"बिरोबाची आन घेतो, गोडाला शिवलो न्हाई," म्हाळू म्हणाला.

"मग साखर कावून वाढती?"

दुसऱ्या दिवसापासून म्हाळूनं हॉटेलात जाणंच सोडलं. भाच्याच्या लग्नाचं जेवणही टाळलं. पुढच्या तपासणीत साखर आणखी वर.

डॉक्टरीणबाईंनी त्याचा सुजलेला चेहरा निरखला आणि दुसरं काही औषध चालू आहे का, असं विचारलं.

"औषध न्हाई. गुडघ्याची पुडी देते तेवढी. झाडपाल्याची हाय," ताराबाई म्हणाली. बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून तीच आणायची. रोज सकाळी कोमट पाण्यातून द्यायची, आणि त्यानं गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

बाईंना पुडीत स्टिरॉइड असल्याचा संशय आला.

"मावशी, बकऱ्याची कलेजी असते ना, तसं माणसाचं यकृत. ते साखर तयार करून रक्तात सोडतं. किती सोडायची, याचा निरोप त्याला शरीरातले हार्मोन देतात. ही पुडी साखर सोडायचा खोटा निरोप देत असणार. मग माणूस उपाशी असला तरी साखर वाढते."

शरीराला सवय झाल्यामुळं पुडी एकदम तोडणं धोक्याचं होतं. त्याऐवजी बाईंनी स्टिरॉइडच्याच मोजून गोळ्या दिल्या आणि त्या हळूहळू कमी करायला सांगितल्या.

परतताना जीपमध्ये ताराबाई म्हणाली, "माज्याच हातानं दिलं."

म्हाळू म्हणाला, "गुडघा मातर दुखायचा ऱ्हायलता."

दोन महिन्यांत साखर उतरली आणि गुडघा पुन्हा धरला. मेंढरं घेऊन ताराबाई निघाली, पण ती तिच्यामागं हलेनात. उंबऱ्यात बसलेल्या म्हाळूनं तोंडानं हुर्रर्र केलं, तेव्हा मेंढरं चालू लागली. टेकाडापलीकडं कळप दिसेनासा झाला, तरी तो हुर्रर्र करतच होता.