आधी तोडा, मग कळवा

संरक्षण खात्यात धोरणांचे मसुदे लिहिणाऱ्या बाईचं वय बेचाळीस, पण थोरल्या भावासाठी ती अजून छोटीच. दादा वीजमंडळाच्या नियंत्रण कक्षात पाळीप्रमुख होता. शत्रूने संगणकातून घुसून वीज बंद पाडली तर काय करायचं, याचा त्या सकाळी सराव होता, म्हणून दोघं कामानिमित्त पहिल्यांदाच एका खोलीत आले होते.

यंत्रणा खरी नव्हती, हुबेहूब नक्कल होती. लष्कराचे पाच तंत्रज्ञ शेजारच्या खोलीत ‘शत्रू’ होऊन बसले होते. मागे जनरलसाहेब, नजर घड्याळावर.

दहा वाजून चार मिनिटांनी पडद्यावरचं पहिलं उपकेंद्र लाल झालं.

“घुसले!” दादा फोनकडे झेपावला. यंत्रणेला बाहेरच्या संगणकांशी जोडणारं, म्हणजे बाहेरचं जाळं तोडण्याआधी संरक्षण खात्याची परवानगी घ्यायची, असा नियमच होता. अधिकारी बैठकीत, त्यांचे साहेब प्रवासात. तोवर दुसरं उपकेंद्र, पाचवं, अकरावं... परवानगी अडतीस मिनिटांनी आली. अर्धा देश सातव्याच मिनिटाला अंधारात गेला होता.

“वरातीमागून घोडं!” जनरलसाहेब कडाडले. “हा नियम लिहिला कुणी?”

छोटी उभी राहिली. “मी, साहेब. रणगाडे लांबून येताना दिसतात, तसंच हेही दिसेल असं धरून चालले होते.”

“अगं, मग बदल ना!” दादा उसळला. “जाळं तोडायचा खटका माझ्या हाताशी होता!”

“आणि उगाचच घाबरून ओढलास तर?”

“तर दोषी धरा मला. पण आधी ओढू तर द्या!”

“धरायचं नाही, तेच तर लिहायला हवं,” ती म्हणाली आणि हाती लागलेल्या कागदावर भराभर लिहू लागली: ‘धोका दिसताच पाळीवरच्या माणसाने बाहेरचं जाळं तोडावं, पाच मिनिटांत वर कळवावं. प्रामाणिक चुकीला शिक्षा नाही.’

जनरलसाहेबांनी ते दोनदा वाचलं. “पुन्हा सराव. आत्ता.”

या वेळी पहिलं उपकेंद्र लाल झालं, दुसरं झालं आणि दादाने खटका ओढला. तिसरं लुकलुकलं... आणि हिरवंच राहिलं! सगळं पन्नास सेकंदांत! शेजारून भिंतीवर धपाधप थापा पडल्या. “अहो, आम्हाला हाकललंत की!” सगळे खो खो हसले. दादाने बहिणीच्या पाठीत अशी थाप मारली की तिचा चष्माच घसरला.

तो मजकूर दीड महिन्यात देशाच्या संरक्षण धोरणात गेला. पण त्या दुपारी जेवायलासुद्धा कुणी उठलं नाही. “पाणीपुरवठ्याचं काय? रेल्वेचं?” जनरलसाहेबांनी विचारलं, तोवर तिने कोरा कागद पुढे ओढला होता.

“रेल्वेवाल्यांना बोलवा,” ती म्हणाली. “खटक्यापाशी बसणाऱ्यांना. त्यांच्या साहेबांना नको.”