फ्रीज बंद करणारी डुकरीण

मास्तर लोकांच्या कुत्र्यांना शिस्त लावायचे आणि त्यांच्याच घरातली डुकरीण त्यांना भीक घालत नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! पिशवीत मावत होती तेव्हा आणली. आता ती सोफ्यावर आणि मास्तर जमिनीवर. तिचं नावच पडलं होतं राणीसरकार.

सोफ्याचं बायकोने चालवून घेतलं. पण एक दिवस राणीसरकारांनी फ्रीज उघडला, भाजीचा कप्पा साफ केला आणि दार सताड उघडं टाकून त्या झोपायला गेल्या. सगळं दूध नासलं.

"पुन्हा हिने फ्रीजला तोंड लावलं, तर ही माझ्या भावाच्या शेतावर जाईल," बायकोने बजावलं.

संध्याकाळी पायावर नाक टेकून घोरायला ती नसती, तर मास्तरांना घर खायला उठलं असतं.

मग त्यांनी आपली विद्या बाहेर काढली. मारायचं नाही, रागवायचं नाही, बरोबर वागलं की लगेच खाऊ. राणीसरकारांनी नाकाने फ्रीजचं दार लोटून बंद केलं, की "शाब्बास!" आणि एक शेंगदाणा. दोन दिवसांत जमलं. "कुत्र्याला महिना लागतो हो," मास्तर फोनवर गिऱ्हाइकांना ऐकवायला लागले. छाती अशी फुगली की शर्टाची बटणं घाबरली असतील.

दार बंद करायचं तर आधी ते उघडावं लागतं, हे मास्तरांच्या डोक्यात आलं नाही. डुकरिणीच्या आलं. त्या उघडायच्या, चार घास खायच्या, अगदी नीट बंद करायच्या आणि मास्तरांपुढे शेंगदाण्यासाठी हजर. मास्तरही द्यायचे, वर पाठ थोपटायचे! अखेर एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून त्यांनी हा सगळा खेळ पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात बायकोने येऊन फ्रीज उघडला. "अगं बाई! भोपळा कोणी कुरतडला?"

"मी," मास्तर म्हणाले.

"कच्चा?"

"हो."

"सालासकट?"

"सालातच तर सत्त्व असतं."

बायकोने एक भली मोठी फोड कापून त्यांच्यापुढे ठेवली. "खाऊन दाखवा."

मास्तरांनी डोळे मिटून चावा घेतला. दात कळवळले, डोळ्यांत पाणी आलं. राणीसरकार शेजारी बसून आशेने बघत होत्या. मास्तरांना ठसका लागला, तरी ते आपले चावतच राहिले.

मग उरलेली फोड बायकोने उचलली आणि राणीसरकारांपुढे टाकली.

"राहू दे तिला," ती म्हणाली. "पण मी फोडणी देऊन, मऊ शिजवून वाढलेला भोपळा इतकी वर्षं ताटात बाजूला सारत आलात ना हो तुम्ही?"