मेंदी लागलेली करंगळी

आमच्या गावच्या मंडळाची निवडणूक इथे आखातात, फरवानियातल्या एका इमारतीच्या तळघरात होते. गाव रत्नागिरीतलं, मोहल्ले दोन, आणि त्यांचं भांडण विमानाने सोबत आलेलं. गेल्या खेपेला लोकांनी दोनदोनदा चिठ्ठ्या टाकल्या, मग खुर्च्या फेकल्या. हारिसने, म्हणजे इमारतीच्या राखणदाराने, पोलीस बोलावले आणि दोघांची गावी कायमची रवानगी झाली.

म्हणून यंदा निवडणूक अधिकारी मी. बाप वरच्या मोहल्ल्याचा, आई खालच्या. त्यामुळे दोन्ही मोहल्ल्यांना माझा सारखाच संशय. शिवाय मी केमिस्ट्री शिकलेय. मी सिल्व्हर नायट्रेटची शाई केली आणि जाहीर केलं: मत दिलं की डाव्या करंगळीला शाई. करंगळी रंगलेली असेल तर मत नाही.

एक गोष्ट विसरले. आदल्याच दिवशी खालच्या मोहल्ल्यात लग्न होतं, आणि आमच्यात नवरदेवासोबत त्याचे भाऊ-दोस्तही करंगळीला मेंदी लावतात. त्यात माझी शाई ट्यूबलाइटखाली काळी व्हायला वेळ घेते. तोवर तपकिरी. हुबेहूब मेंदीसारखी.

“हा मत देऊन आलाय!” वरच्या मोहल्ल्याचे अब्बासचाचा प्रत्येकाला अडवू लागले.

“चाचा, वास घ्या. मेंदी आहे,” मी म्हणाले.

“मी काय लोकांची बोटं हुंगत बसू?”

मग मीच हुंगली. सकाळभर. बीएस्सी, डिस्टिंक्शन.

सगळ्यात शेवटी तौफीकभाई आला. माझा मामेभाऊ, खालच्या मोहल्ल्याचा उमेदवार. तीन वर्षं खटपट करून त्याला बायको-मुलीचा व्हिसा मिळाला होता. मंगळवारी त्या यायच्या होत्या. मारामारीत नाव आलं की सगळं संपलं.

“करंगळी बघ याची,” चाचा म्हणाले. “चोर बापाचा चोर मुलगा.”

“बापाचं नाव काढू नका!” तौफीकभाईने मूठ उगारली. दारातून हारिस डोकावला, हातात फोन.

मी शाईची अख्खी बाटली त्या मुठीवर ओतली.

“शाई लागली, म्हणजे मत झालं. नियम आहे. बाहेर जा.”

तो हाताकडे बघत राहिला. चाचा फिसकन हसले, मग सगळेच. हारिसने फोन खिशात टाकला.

तौफीकभाई एका मताने पडला. अख्ख्या निवडणुकीत एकच गैरप्रकार झाला, आणि तो मी केला. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं.

मंगळवारी मात्र विमानतळावर जायला त्याला गाडी माझीच लागली. तिथे त्याच्या चार वर्षांच्या मुलीने, माहीनने, त्याचा काळाकुट्ट हात उलटसुलट करून पाहिला.

“अब्बू, हे काय?”

“तुझ्या फुप्पीला विचार,” माझ्याकडे बोट करून तो म्हणाला. “शिकलेली आहे ती.”