लाखेवरचा डाग

पॉलिशची बाटली युलालियाच्या हातून निसटली आणि तिच्या बापाच्या, फिदेंसियोच्या, पाठीमागे जेमतेम दोन हातांवर, फरशीवर फुटली. खळ्ळकन आवाज झाला. अंगणातला कुत्रा भुंकला, समोरच्या दुकानातल्या बाईने डोकं बाहेर काढलं. फिदेंसियोने मात्र मानही वळवली नाही. तो रंधा चालवत राहिला.

युलालिया काचा वेचायला खाली बसली ती बसूनच राहिली. बापाला ऐकू येत नव्हतं. ट्रकची घरघर किंवा कुणी समोर बसून बोललेलं कळत असावं, पण बारीक, वरचा आवाज गेला होता. आणि साठ वर्षं हा माणूस लाकडाचा तोच आवाज ऐकून गिटारी करत आला होता.

काचा गोळा करून ती आपल्या टेबलाशी परतली. त्यांच्या घरात लाकूड बाप्यांकडे आणि पॉलिश बायकांकडे, ही वाटणी तिच्या आजीच्या आधीपासूनची. टेबलावर चर्चच्या गायकमंडळाची जुनी गिटार होती. आधीचं पॉलिश खरवडून झालं होतं, नवं चढवायचं होतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत कापडाचा बोळा बुडवून तिने गोल गोल हात सुरू केला. हा हात मध्येच थांबवायचा नसतो. ओल्या लाखेवर बोळा क्षणभर टेकला तरी चिकटतो, डाग पडतो आणि तेवढी जागा पुन्हा करावी लागते. परकरी वयात शिकलेली गोष्ट, पण गेली दोन वर्षं ही चूक तिच्याकडून वरचेवर होत होती. फिदेंसियो तो डाग बघायचा आणि म्हणायचा, "पुन्हा थांबवलास." बस, एवढंच. पन्नाशीच्या बाईला त्याची भारी लाज वाटायची.

समोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, फिदेंसियोच्या पुढ्यात गिटारची वरची फळी होती. त्याच्या वडिलांनी आणलेल्या लाकडातली शेवटची. अडतीस वर्षं ती चुलीवरच्या आढ्याला वाळत होती. ऑगस्टच्या स्पर्धेत याच फळीची गिटार उतरवायची, असं त्याने गिटारवाल्यांच्या सगळ्या पाराचो गावात सांगून ठेवलं होतं. ती बिघडली तर दुसरी नव्हती. रंध्याचे दोन हात मारायचे, फळी दोन बोटांत धरून कानाशी न्यायची, अंगठ्याने ठोकायची, पुन्हा रंधा. आजवर युलालिया हे ऐकत निवांत काम करायची. आज ती रंध्याचा प्रत्येक हात मोजत होती.

त्याने पुन्हा ठोकलं, आणि फळी बोलली. भरीव, लांबपर्यंत घुमणारा आवाज. झालं, हाच तो; आता रंधा थांबायला हवा. युलालियाच्या ते चटकन ध्यानात आलं. पण आपल्याला काही कळलंय हे बापाला दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली आणि बोळा जोरजोरात फिरवत राहिली.

फिदेंसियोने रंधा उचलला.

तेवढ्यात शेजारचा रोसेंदो वाटी घेऊन दारात आला. तोही गिटारवालाच.

"थोडा सरस दे रे. आणि हे काय, गिटार करतोयस की तोर्तिया? माझी बायकोसुद्धा इतकी पातळ थापत नाही!"

"तुझ्या बायकोच्या तोर्तियाने माझा दात पडलाय," फिदेंसियो त्याच्या ओठांकडे बघत म्हणाला.

रोसेंदो खो खो हसला. सरस घेऊन जाताना मात्र युलालियाच्या टेबलाशी वाकला.

"युला, आवाज ऐकतेयस ना? तारा ओढल्या की फळी आत बसेल. सांग की त्याला."

"मी काय सांगणार? मी पॉलिशवाली."

"मग ऑगस्टमध्ये सगळं गाव सांगेल."

तो गेला. रंधा पुन्हा फिरला, कागदासारखी साल निघाली. ठक. आवाज आता सैल पडू लागला होता. सांगायचं तरी कसं? 'बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही' हे एकदा तोंडातून निघालं की हा माणूस त्या बाकावर पुन्हा बसायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि न सांगावं तर फळी जाते. रंधा आणखी एकदा फिरला. फिदेंसियोने फळी कानाशी नेली, आणि न राहवून तिने प्रथमच वर पाहिलं.

तो फळीकडे बघतच नव्हता. अंगठ्याने ठोकत तो चष्म्यावरून, डोळे बारीक करून, तिच्या हाताकडे बघत होता. आणि त्याचा चेहरा भेदरलेला होता.

दोन वर्षांतले सगळे डाग तिला एकदम आठवले. त्या त्या वेळी फळी अशीच बोलली होती, ते ऐकताना आपला हात आपसूक थांबला होता, आणि तिकडे रंधाही थांबला होता.

तिने हात थांबवला. बोळा लाखेवर टेकला आणि चिकटला.

फिदेंसियोने रंधा खाली ठेवला. मग फळी दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिली. ती नको तितकी लवली.

"आतून लावायच्या पट्ट्या जरा जाड ठेवाव्या लागतील," तो म्हणाला. "होईल."

"होईल ना, बाबा?"

तो खोली ओलांडून तिच्याजवळ आला आणि चर्चच्या गिटारवर वाकला. डाग चांगला नाण्याएवढा होता. तो बोटाने चाचपून शोधायला त्याला थोडा वेळ लागला.

"पुन्हा थांबवलास."

"हो, बाबा."

"आज फार उशिरा." त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "उद्या तुझं टेबल अलीकडे ओढून घेऊ, माझ्या बाकाजवळ. इतक्या लांबचं मला आता नीट दिसत नाही."