पितळी पाटीची शेवटची ओळ

वहिनी दर आठवड्याला युद्धसंग्रहालयात जायची ती काही बघायला नव्हे, घासायला. पिशवीत मऊ चिंधी, राखेची डबी आणि अर्धं लिंबू. मी तिचा धाकटा दीर, सोबतीला असायचो. तिला रस्ता ओलांडायची भीती वाटायची आणि मला घरी एकट्याने बसायची.

संग्रहालय म्हणजे पूर्वीची बराक. अंगणात रणगाडा, त्याच्या नळीत चिमण्यांचं घरटं. आत काचेच्या कपाटांत बूट, बिल्ले, गोळी लागून चेपलेली पाण्याची बाटली. आणि लांब ओसरीच्या टोकाला भिंतीवर ती पितळी पाटी. डोंगरावरची चौकी राखताना मेलेल्या जवानांची नावं तिच्यावर ओतीव होती, बोटाला लागतील अशी उठावाची. सगळ्यांत खाली माझ्या दादाचं नाव.

दादा जवान नव्हता. हमाल होता. लढाई पेटली तेव्हा फौजेने आसपासची धडधाकट माणसं रोजावर घेतली होती, पाठीवर पाणी आणि दारूगोळा वाहायला. रोजंदारीच्या माणसाचा कागद कोण ठेवतो? एका सकाळी तो पाण्याचे डबे घेऊन वर निघाला आणि वाटेत तोफगोळा पडला. खाली दरी. जाळायला पुरायला काहीच हाती आलं नाही.

पाटी ओतून आली तेव्हा तिच्यात दादा नव्हता. तुकडीचा मेजर भडकला. "त्याने वाहिलेल्या पाण्यावर आम्ही जगलो आणि तोच नाही?" त्याने बाजारातून नाव कोरणारा बोलावला आणि तळाच्या मोकळ्या जागेत दादाचं नाव घालून घेतलं. ते कोरीव काम वरवरचंच होतं. पण होतं. वहिनीला अक्षर येत नव्हतं, म्हणून मेजरने तिचं बोट धरून त्या ओळीवरून फिरवलं. "हा तुमचा माणूस," म्हणाला.

तेव्हापासून ती घासत आली. वरच्या नावांवरून एकेक हात, आणि खालच्या ओळीवर मन भरेपर्यंत. लहान मुलाचं तोंड पुसावं तशी. मेजर वारला, बराकीचं संग्रहालय झालं, वहिनीची पाठ वाकली, पण पाटी कधी काळवंडली नाही.

दारावरचा रखवालदार तिची चेष्टा करायचा. "मावशी, एवढी चमकवलीत की मी हिच्यात बघून दाढी करतो."

"मग गालावरचे खुंट का राहिलेत? डोळे तपासून घे," वहिनी म्हणायची. मी मदतीला गेलो की मलाही हाकलायची. "राहू द्या भावजी. तुमच्या हातात जोर नाही. असेल तो जेवताना दिसतो."

मी बाहेर बाकावर बसायचो. उजेडात ती पाटी इतकी झळकायची की डोळे दिपायचे. अक्षरं बघायला कधी जवळ गेलो नाही. नाव तर पाठच होतं.

मग संग्रहालयाचं नूतनीकरण निघालं. पितळी पाटी काचेत ठेवायची आणि तीच नावं अंगणातल्या काळ्या दगडी भिंतीवर कोरायची, असं ठरलं. वहिनी हरखली. "दगडावर आलं की झालं भावजी. मग माझे हात थकले तरी चालेल."

भिंत उभी राहिल्याचं कळलं तसे आम्ही गेलो. वहिनी म्हणाली, "वाचा." मी वाचायला शिकलो तो पन्नाशीनंतर, त्यामुळे बोट ठेवून एकेक नाव लावतो. वरून खाली आलो. शेवटच्या जवानाच्या नावाखाली कोरा दगड होता. पुन्हा वरून सुरुवात केली.

"अहो, सापडलं का? अडकलात कुठे?"

"थांबा जरा."

"तळाशी बघा ना. त्यांना नेहमी तळाशीच जागा."

मी तिला संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंकडे घेऊन गेलो. बाई तरुण, मनाने चांगल्या. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, माझं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, कोरणाऱ्याने पाटीवर होतं तेवढं उतरवलं. मी स्वतः ताडून पाहिलं. खाली काहीच नव्हतं. आम्हाला तो समास वाटला."

"समास कसला? तो माझा नवरा आहे," वहिनी म्हणाली.

बाईंनी पाटी आतून मागवली आणि टेबलावर ठेवली. विजेरी आडवी धरून तिचा उजेड तळाशी पाडला. आम्ही तिघंही वाकलो. पितळ आरशासारखं साफ होतं. एके ठिकाणी केसाएवढी रेघ दिसल्यासारखी वाटली. ती अक्षराची की लिंबाच्या डागाची, कोण सांगणार?

वहिनीने बोट ठेवलं आणि सवयीने डावीकडून उजवीकडे नेलं. "हे काय, इथेच तर आहेत. मला लागतायत."

मी माझं बोट फिरवलं. गुळगुळीत होतं.

"बाई, नाव मी सांगतो," मी म्हणालो. "सख्खा भाऊ आहे मी त्याचा."

"माझा विश्वास आहे हो. पण समिती पुरावा मागते. रोजावरच्या हमालांची नोंद कुठेच नाही, मी पूर्वी शोधली आहे. आज तुमचं घेतलं तर उद्या कुणीही येऊन नाव सांगेल, असं म्हणतील." त्या पाटीकडे बघत राहिल्या. मग सहज, कुणाला दुखवायचं मनात नसताना, त्यांनी विचारलं, "वरची नावंसुद्धा झिजलीत. इतकं घासलं कुणी हिला?"

दारात रखवालदार उभा होता. त्याने मान खाली घातली.

वहिनीने बोट उचललं. आधी बोटाकडे बघितलं, मग पाटीकडे, मग माझ्याकडे. तिला कळायला वेळ लागला. कळू नये म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं.

"मी पुसलं," ती म्हणाली. "दरीने ठेवलं नाही, आणि उरलेलं मी पुसलं."

"आजी, असं नका म्हणू," बाई म्हणाल्या. "आपण एक फलक लावू. 'अनाम हमालांच्या स्मरणार्थ' असा."

"अनाम?" वहिनी म्हणाली. "नाव होतं त्यांना." आणि पिशवी तिथेच ठेवून निघाली. रखवालदार ती घेऊन मागून धावला, "मावशी, अहो मावशी!" पण तिने वळून बघितलं नाही. रस्ता मात्र तिने त्या दिवशी एकटीने ओलांडला, दोन्हीकडे न बघता. गाड्यांनी करकचून ब्रेक मारले, शिव्या दिल्या.

घरी मी तिला समजावलं. म्हटलं, मला आठवतो ना दादा, आपण आहोत ना. ती म्हणाली, "आपण किती दिवस?" आम्ही दोघंही पिकली पानं. आमच्यामागे कुणी नाही.

आठवडा संपला. आमचा जायचा दिवस आला. सकाळी वहिनीने केस विंचरले, चपला घातल्या आणि उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. मीही काठी घेतली. ती बराच वेळ रस्त्याकडे बघत होती.

"भावजी," ती म्हणाली, "आता कुठे जायचं?"

मी काठी भिंतीला टेकवून ठेवली.