मानेच्या स्क्रूची पाव फेरी

गिटार मी आणली होती, त्यामुळे ती चांगलीच होती. दुकानदारानेही तसं सांगितलं होतं. "शिकण्यापुरती एकदम बेस्ट," तो म्हणाला, आणि शिकण्याच्या पुढे माणूस सहसा जात नाही हा अनुभव गाठीशी असल्याने मी ती उचलली. काळी, चकचकीत, इलेक्ट्रिक. सोबत पट्टा, वायर आणि षट्कोनी टोकाची एक वाकडी किल्ली फुकट. सगळा घोळ त्या फुकट किल्लीने केला, असं आमच्या घरात आता मानलं जातं. मला ते मान्य नाही.

कन्या कॉलेजात. तिथल्या बँडमध्ये गिटारवाल्याची जागा रिकामी झाली होती आणि ती तिला हवी होती. लहानपणापासून या मुलीने कधी कशासाठी हट्ट केला नाही. ते सगळे हट्ट जपून ठेवून आता एकदम काढल्यासारखे तिने या एका जागेवर लावले. पहिल्या चाचणीत तिचं वाजवणं सगळ्यांना आवडलं, पण गाणं अर्ध्यावर असताना गिटार सुरातून उतरली. बँडचा म्होरक्या असलेला ड्रमर म्हणाला, "तू चालशील, ही नाही चालणार. शनिवारी परत ये, पण सुरात ये. नाहीतर दुसरा एकजण आहे."

हे तिने घरी सांगितलं तेव्हा साडूभाऊ चहा घेत होते. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघी बहिणींनी समोरासमोरचे फ्लॅट घेतले, त्यामुळे आमच्या घरातली कुठलीही अडचण त्यांच्या घरी आमच्या आधी कळते. आयुष्यभर ते बॉयलरचे इंजिनिअर होते. जगातल्या प्रत्येक बिघाडाचं कारण त्यांच्या मते एकच, काहीतरी सैल आहे. मी विमा कंपनीत दावे तपासतो. माझ्या अनुभवात बिघाड नेहमी कुणीतरी जास्त ताणल्यामुळे होतो.

"मान ढिली पडलीय," गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावून ते म्हणाले. "आवळायला पाहिजे."

"उलट, मान फार ताठ आहे, साडूभाऊ. सैल सोडायला पाहिजे."

"सैल सोडूनच तुमच्या घराचं हे असं झालंय, रावसाहेब," असं म्हणून त्यांनी बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. ते दार आपोआप धाडकन मिटतं म्हणून आम्ही राहायला आलो तेव्हापासून खाली लाकडी पाचर मारलेली आहे. येत्या रविवारी मी ते दुरुस्त करणार आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

"भाऊजी, तुम्हीही ऐका आणि अहो, तुम्हीही ऐका," बायको म्हणाली. "शनिवारपर्यंत दोघांनी त्या गिटारला हात लावायचा नाही."

आम्ही दोघांनी मान हलवली. नुसत्या मान हलवण्याला कबुली म्हणत नाहीत, हे मी ऑफिसात रोज लोकांना समजावतो.

आता थोडं शास्त्र. गिटारच्या मानेत एक लोखंडी सळई असते आणि डोक्याजवळच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली तिचा स्क्रू. उजवीकडे फिरवला की मान ताठ होते आणि तारा खाली बसतात. डावीकडे फिरवला की मान वाकते आणि तारा वर उचलल्या जातात. शिवाय या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारांची खालची टोकं जिथे अडकवतात तो पत्रा, स्प्रिंगांवर तरंगता आहे. एक तार पिळली की बाकीच्या पाच उतरतात. एकाची समजूत काढावी तर पाच जण रुसणार. सासुरवाडीत वावरलेल्या माणसाला हे तत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही. व्हिडिओतले सगळे तज्ज्ञ बजावत होते की एका वेळी पाव फेरीच द्या. सोमवारी संध्याकाळी कन्या मैत्रिणीकडे आणि बायको बहिणीकडे गेलेली असताना मी फुकट किल्लीने पाव फेरी दिली. डावीकडे.

मंगळवारी ऑफिसातून आलो तर तारा डब्यात कोंडलेल्या माशीसारख्या चरचरत होत्या. मान पुन्हा ताठ! मला हवेचा संशय आला. लाकूड हवेने फुगतं, आक्रसतं. कन्या खाली फिरायला गेल्यावर मी हवेचा परिणाम पुसून काढला, पाव फेरी डावीकडे. बुधवारी सकाळी तारा कपडे वाळत घालायच्या उंचीला गेल्या होत्या आणि कन्येची बोटं लाल झाली होती. संध्याकाळी पुन्हा चरचर. हवा दिवसातून दोनदा बदलत होती आणि नेमकी आमच्याच हॉलमधली.

त्याच संध्याकाळी झाकण उघडलं तेव्हा स्क्रूवर एक बारीक लाल रेघ दिसली. स्क्रूवरून निघून शेजारच्या लाकडावर गेलेली, मात्र मधे तुटलेली. कारखान्याची खूण, मी ओळखलं. स्वस्तातल्या वस्तूवरही कुणीतरी इतकं डोकं लावतं याचं मला कौतुक वाटलं. रेघेचे दोन्ही तुकडे एकमेकांसमोर येतील इतपत स्क्रू डावीकडे घेतला आणि वर माझी नेहमीची पाव फेरी दिली.

गुरुवारी चहा पिताना साडूभाऊ म्हणाले, "लाल रेघ ही नेहमी किमान मर्यादा असते, रावसाहेब. तिथून पुढे आवळायला सुरुवात करायची."

"कुठल्या यंत्राबद्दल म्हणताय?"

"एकंदरीत म्हणतोय."

मी खोलात गेलो नाही. वडीलधारी माणसं एकंदरीत बरंच काही म्हणत असतात.

त्या दिवशी कन्या गिटार मांडीवर घेऊन नुसतीच बसली होती. वाजवत नव्हती. आईला म्हणाली, "फोन करून सांगते त्यांना, त्या दुसऱ्याला घ्या म्हणून. माझ्यानं ही सुरात नाही लागत." तिचा आवाज इतका साधा होता की मला जेवण गेलं नाही. बाप म्हणून काहीतरी करायलाच हवं होतं. शुक्रवारी डोकं दुखतंय असं सांगून मी ऑफिसातून लवकर निघालो.

हॉलमध्ये गिटार सोफ्यावर उताणी पडली होती. साडूभाऊ चष्मा कपाळावर चढवून तिच्यावर वाकले होते. एका हातात त्यांची स्वतःची किल्ली, त्याच मापाची, आणि दुसऱ्यात झाकण उचकटायची सुरी.

"म्हणजे हवा तुम्ही आहात तर!" मी ओरडलो.

"आणि रोज सैल करणारे तुम्ही? मला वाटलं स्क्रूचे आटे झिजलेत!"

"दुपारी लोकांच्या घरात शिरून..."

"लोकांच्या? मेहुणीचं घर आहे हे! आणि तुम्ही काय, मुलीची पाठ वळली की..."

"झालं?" कन्या दारात उभी होती. मागे तिची आई. कन्या आली, तिने पिशवीतून एक इवलीशी बाटली काढली आणि टीपॉयवर ठेवली.

"कारखान्याची..." मी सुरुवात केली.

"आईचं नेलपॉलिश आहे, बाबा. मंगळवारी रात्री मी रेघ मारली. रोज सकाळी डावीकडे गेलेली असते, रोज संध्याकाळी उजवीकडे. मला वाटत होतं, माझे कानच खराब झालेत. चार दिवस मी रडतेय!" मग तिने हात पुढे केला. "किल्ल्या."

आम्ही किल्ल्या दिल्या. साडूभाऊंनी आपली द्यायला जरा वेळ लावला, ती सेटमधली होती.

"काका, सुरीसुद्धा ठेवा खाली."

त्यानंतर तिने आम्हाला सोफ्यावर बसवून आमच्या डोळ्यांदेखत जे केलं त्यात काही विशेष नव्हतं. नव्या तारा घातल्या, प्रत्येक तार बोटाने ओढून ओढून तिचा ताण मुरवला. तारा जिथे अडकत होत्या त्या खाचांत पेन्सिलीचं टोक घासलं. स्क्रू रेघेला रेघ जुळवून ठेवला. मग उठून बेडरूमच्या दाराखालची पाचर काढली, तासली आणि गिटारच्या पोटात, ब्रिजच्या मागे ठोकून बसवली. तरंगता ब्रिज जागच्या जागी गप्प झाला. आता एक तार पिळली तर बाकीच्यांना पत्ता लागत नव्हता.

"बॉयलरमध्ये असं चालत नाही," साडूभाऊ म्हणाले. मागे बेडरूमचं दार धाडकन मिटलं.

शनिवारी आम्ही दोघेही कॉलेजात गेलो. आत पालकांना मनाई होती, म्हणून बंद दाराला कान लावला. गाणं सुरू झालं, अर्ध्यावर आलं, अर्ध्याच्या पुढे गेलं. गिटार उतरली नाही. साडूभाऊंनी माझा दंड इतका आवळला होता की वळ उठला, आणि मीही तो सोडवून घेतला नाही. दार उघडलं तेव्हा कन्येकडे बघून काही विचारावंच लागलं नाही.

"पाहिलंत? मूळ आवळणं पक्कं होतं म्हणून," परतताना साडूभाऊ म्हणाले.

"सोमवारची माझी पाव फेरी," मी म्हणालो.

घरी पोचलो तर बायको दोन किल्ल्या घेऊन उभी. मला क्षणभर वाटलं, माफी मिळाली. पण तिने आम्हाला बेडरूमपाशी नेलं.

"पाचर गेली ती गेली. आता हे दार बघा. दोघं मिळून."

दाराचा प्रश्न वाटला त्यापेक्षा गुंतागुंतीचा निघाला. किल्ली बिजागरीच्या स्क्रूला बसत नाही, स्क्रूड्रायव्हर लागतो. तो साडूभाऊंकडे आहे, माझ्याकडेही आहे. परवा संध्याकाळी मी वरची बिजागरी जराशी सैल केली होती, पण काल ऑफिसातून आलो तर दार मिटेचना. हवेचा परिणाम असणार. आतून कन्येची गिटार ऐकू येत होती. सूर अगदी लागलेला होता, आणि दार उघडंच असल्यामुळे स्वच्छ ऐकू येत होता.